दोन टिक उजवीकडे

पिस्तूल एक आणि नेम धरणारे दोन, त्यातही एक सासरे आणि दुसरी सून, म्हणजे भांडायला घराबाहेर जायची काही गरज नाही. तरी ही दोघं गेली. थेट पिस्तुलांच्या दुकानात गेली आणि काउंटरवर कोपरं टेकून तासभर भांडली.

जुनं पिस्तूल झिजून निकामी झालं होतं. क्लबच्या जोडी-स्पर्धेत एकाच घरातल्या दोघांनी एकाच पिस्तुलाने नेमबाजी करायची असते, म्हणून नवं घ्यायचं तर ते दोघांना चालायला हवं. दुकानदाराने मऊ कापडावर दोन पिस्तुलं मांडली. दिसायला अगदी जुळी. नळीच्या टोकाला दोन्हींना सारखीच माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, होता. फरक होता तो मागच्या खाचेत, जिच्यातून ती माशी बघून नेम धरायचा. एकाची खाच जागच्या जागी पक्की बसवलेली, तर दुसऱ्याची एका बारीक स्क्रूने डावीउजवीकडे सरकणारी. स्क्रू फिरवला की टिक असा आवाज यायचा आणि खाच केसभर हलायची.

सासरे जमिनीच्या मोजणीखात्यातून निवृत्त झालेले. यंत्रांचे स्क्रू फिरवण्यातच त्यांची हयात गेली होती. सून दातांची डॉक्टर, तिचा सगळा धंदाच केसभर फरकाचा. त्यामुळे स्क्रू फिरवायला जगात आपणच काय ते लायक, याबद्दल दोघांच्याही मनात तिळमात्र शंका नव्हती.

"स्क्रूवालंच घेऊ," बाबा म्हणाले. "पण सूनबाई, तू त्याला हात लावायचा नाहीस. दिसेल ते पिळायची सवय आहे तुला."

"मी दात उपटते बाबा, पिळत काही नाही. आणि भिंतीवरचं घड्याळ नीट करायला कोणी घेतलं होतं? अजून डब्यात पडलंय, तुकड्यांत."

थोडक्यात काय, पिस्तुलाला स्क्रू असावा पण सुनेच्या नजरेस पडू नये, असं बाबांना वाटत होतं. तिला अगदी तेच सासऱ्यांबद्दल वाटत होतं. दुकानदार बिचारा समेट करायला गेला.

"मग न हलणारंच न्या की. कटकट नाही."

"आणि गोळी बाजूला गेली तर?" दोघंही एका सुरात त्याच्यावर खेकसली. न हलणाऱ्या खाचेची मोठी अडचण तीच होती. गोळी चुकली की बोट दाखवायला आपल्याशिवाय कोणी उरत नाही.

शेवटी स्क्रूवालं घरी आलं. घरी म्हणजे क्लबच्या लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली असायची मिस्त्रीकडे, म्हणजे क्लबची हत्यारं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाकडे. माणूस जाड भिंगांच्या चष्म्याचा आणि अगदी मोजकं बोलणारा.

बाबा सकाळी सरावाला जात, ती दवाखाना आटोपून संध्याकाळी. सकाळी बाबांची गोळी डावीकडे गेली की ते दोन टिक उजवीकडे फिरवत. पुढची उजवीकडे गेली की एक टिक परत. हात हलल्याने गेलेल्या गोळीमागे खाच पळवायची, म्हणजे चुकीमागे चूक लावून द्यायची, हे न कळायला ती दोघं नवखी नव्हती. पण कळणं वेगळं आणि समोर आयता स्क्रू असणं वेगळं. संध्याकाळी ती यायची, पहिल्याच गोळीला कपाळाला हात लावायची आणि "बाबांनी बिघडवलेलं" सरळ करायला बसायची. आपण खाच हलवतो असं तिला मुळीच वाटत नसे. ती फक्त सरळ करत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तेच पुन्हा सरळ करत.

रात्री जेवताना मग तोंडाचे पट्टे सुटत. तिचा नवरा दोघांच्या मध्ये बसून मुकाट्याने जेवायचा. एकदाच म्हणाला, "त्या स्क्रूचंही एकदा मत घ्या." त्यावर दोघांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की त्याने कानाला खडा लावला.

हसण्यावारी नेलं असतं, पण यंदा हसण्यासारखी गोष्ट नव्हती. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. अजून थोडासाच, कप बशीत ठेवताना किणकिणण्याइतका. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वर्ष हात साथ देईल, पुढचं सांगता येत नाही. क्लबमधली जी जोडी जिंकेल ती मोठ्या स्पर्धेला जाणार होती, आणि तिथे एकदा तरी उभं राहावं ही बाबांची फार जुनी इच्छा. ते कधी बोलून दाखवत नसत. पण ती लग्न होऊन घरात आल्यावर तिच्या हातात पहिल्यांदा पिस्तूल दिलं ते त्यांनीच, मागे उभं राहून श्वास कधी सोडायचा ते शिकवलं तेही त्यांनीच. त्यांना तिथे न्यायचं हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. आड येत होता तो एक दीडदमडीचा स्क्रू. म्हणजे तिच्या मते, स्क्रू आणि बाबांची बोटं.

एका संध्याकाळी तिने मिस्त्रीला गाठलं.

"खाच बरोबर मधोमध आणा आणि आतून पक्की करून टाका. जन्मात हलता कामा नये. पण स्क्रू फिरला पाहिजे, टिकही वाजली पाहिजे."

मिस्त्रीने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. त्याच्या मिशीचं एक टोक जरा हललं.

"झालंच समजा," तो म्हणाला. "कुणाला सांगायचं नाही, असंच ना?"

"बाबांना सांगायचं नाही."

"तेच म्हणतो मी. कुणालाच नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिने चेहऱ्यावरची रेषही हलू न देता आपला साळसूदपणा सुरू केला. मुद्दाम दवाखान्याची वेळ बदलून ती बाबांबरोबर सकाळी जाऊ लागली, कारण हा तमाशा चुकवणं तिला परवडणारं नव्हतं. बाबा एक गोळी झाडत, डोळे बारीक करून निशाण बघत आणि मोठ्या गंभीरपणे स्क्रूला हात घालत. "एक टिक उजवीकडे," असं मोठ्याने म्हणत. ती मान डोलवून म्हणायची, "हो बाबा, डावीकडेच जातेय." मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसायची.

नवल म्हणजे बाबांच्या गोळ्या एका जागी पडायला लागल्या. तिच्याही. खाच मेलेली आहे हे माहीत असल्यावर फिरवणार काय? हात बघणं आलं, श्वास बघणं आलं. पण बाबांना संशय यायला नको, म्हणून अधूनमधून तीही एखादी टिक वाजवायची. बाबाच आग्रह करत, "फिरव गं तूही, मघाशी जरा वर गेलीस." वर गेलेली गोळी आडव्या स्क्रूने खाली येत नाही, हे त्यांना समजू नये याचं तिला जरा वाईट वाटलं. वय झालं, दुसरं काय, असं मनात म्हणून तिने दोन टिक वाजवल्या.

स्पर्धेच्या दिवशी चार जोड्या होत्या, पण खरी चुरस क्लबचा सेक्रेटरी आणि त्याची धाकटी बहीण यांच्याशी. ती दोघं भावंडं आपापलं झाडून मोकळी झाली होती आणि निश्चिंत चेहऱ्याने खुर्च्यांवर बसली होती. बाबांनी आपल्या गोळ्या संपवल्या. मध्ये एकदा हात फारच थरथरला, तेव्हा त्यांनी पिस्तूल खाली घेतलं, दम घेतला आणि पुन्हा उचललं. पण त्यांनी लाज राखली, चांगलीच राखली.

मग तिची पाळी. गोळी गोळी करत ती शेवटच्या गोळीपर्यंत आली. नऊ गुण पडले तर जिंकले, आठ पडले तर सेक्रेटरीची बहीण विजेत्यांच्या पाटीवर नाव लिहायला मोकळी. आणि तिची आधीची गोळी डावीकडे सरकली होती.

"सूनबाई," मागून बाबांचा हलका आवाज आला. "दोन टिक उजवीकडे."

आता काय करावं? नाही म्हणावं तर बिंग फुटणार. तिने गंभीर चेहरा केला, खाली बघितलं आणि स्क्रू फिरवला. टिक. टिक. आणि बाबांचं समाधान व्हावं म्हणून मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

बाबा छताकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, गाल आतून चावलेले, कानाच्या पाळ्या लालबुंद आणि खांदे बारीक बारीक हलत होते. ती थरथर हाताच्या दुखण्याची नव्हती. हा चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज सकाळी कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशात तिने तो पाहिला होता, फक्त रुमालासकट.

तिने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री लख्ख स्वच्छ चष्मा जिवाच्या आकांताने पुसत होता.

म्हणजे बाबाही जाऊन आले होते तर! तिच्याही आधी, हेच काम सांगून, सुनेला कळू देऊ नका म्हणून. आणि इतके दिवस ती त्यांना, ते तिला, टिक टिक वाजवून दाखवत होते. तिला असं हसू फुटलं की पिस्तूल खाली घ्यावं लागलं. सेक्रेटरीच्या बहिणीने संशयाने पाहिलं. घड्याळ पुढे सरकत होतं.

"वेळ संपतेय गं," बाबा म्हणाले. आवाजात आता हसू नव्हतं. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता. तो तसा धरलेला पाहून तिचंही हसू विरलं. बोट दाखवायला आता स्क्रू नव्हता आणि बाबाही नव्हते. उरला होता तिचा एकटीचा हात.

तिने तो उचलला. खाचेत माशी आणली, श्वास अर्धा सोडला आणि थांबली. गोळी गेली.

पंचांनी निशाण जवळ आणून भिंगाखाली धरलं. भोक नवाच्या रेषेला चिकटलेलं होतं. खूप वेळ बघून पंच म्हणाले, "नऊ."

तिने पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि जाऊन त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बाबा सेक्रेटरीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? दोन टिकांनी काम केलं."

"हो बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "तिसरी वाजवली असती तर दहा पडले असते."