मोडलेल्या हाडाचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माणसांच्या बोलण्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. हा माझा मूळ स्वभाव नव्हे, कामामुळे लागलेली खोड आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. नुकत्याच डॉक्टर झालेल्या एका बाईंना त्यांच्या वडिलांनी मला भेट दिलं. छातीच्या दवाखान्यात बाईंच्या गळ्यात मी वीस वर्षं मिरवलो. बाईंच्या नळीला सगळं कळतं, असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो. समोरचा माणूस विडी कधीच सोडली म्हणून सांगायचा आणि त्याच वेळी त्याची छाती घरघरत असायची. दम्याची शिट्टी, न्यूमोनियाची बुडबुड, सगळं मी पाठीवरून ऐकलं. पण खरं सांगायचं तर मी फक्त संशय घेऊ शकतो. पुरावा एक्स-रेच्या फोटोतून आणि थुंकीच्या तपासणीतून येतो.

एकदा दगडाच्या फरश्या घासणारा एक कारागीर आला. आला कसला, बायकोने ओढून आणला. तीन महिने खोकला, संध्याकाळी कणकण, जिना चढला की धाप, आणि शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. घशात धूळ बसलीय, बाकी काही नाही, असं त्याचं म्हणणं. बाईंनी मला त्याच्या पाठीवर ठेवलं. कानाशी केस चोळावेत तशी बारीक चरचर ऐकू आली. पण त्याने कारखान्यातल्या तपासणीचा छातीचा फोटो पुढे केला. वर त्याचं नाव, आत छाती साफ. बाईंनी फोटोवर विश्वास ठेवला आणि औषध ओढायचा पंप लिहून दिला. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला सारखं वाटत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

महिन्याने तो आणखी वाळून आला. चरचर वाढली होती. बाईंनी मला दोनदा लावलं, मग तोच फोटो खिडकीपाशी उजेडात धरला. फोटोत गळ्याजवळच्या हाडाला कधीतरी मोडून जुळल्याची गाठ होती. त्यांनी त्याच्या गळ्याजवळून बोट फिरवलं. हाड गुळगुळीत होतं.

"हे हाड कधी मोडलं होतं?"

"माझं? कधीच नाही."

बाईंनी फोटोतली गाठ त्याच्यापुढे धरली. तो जमिनीकडे बघत बसला. शेवटी बायकोनेच तोंड उघडलं. "बाई, तो फोटो ह्यांचा नाही. माझ्या भावाचा आहे."

मग सगळं बाहेर आलं. ज्याचा फोटो खराब, त्याला मालक घरी बसवायचा. म्हणून दर वर्षी ह्याच्यासकट तिघा कामगारांच्या नावावर हा धडधाकट मेहुणाच यंत्रासमोर उभा राहायचा. एकमेकांना सांभाळायच्या नादात त्यांनी आजारच सांभाळला होता. मला इतका राग आला, आणि वाईटही तेवढंच वाटलं.

नवा फोटो निघाला, थुंकी तपासली. फुप्फुसात दगडाची धूळ रुतून बसली होती आणि वर क्षयही झाला होता. बाईंनी काही लपवलं नाही. धुळीने झालेलं नुकसान भरून येत नाही, ते काम सोडावंच लागेल. क्षय मात्र बरा होतो. निदान सहा महिने, लागल्यास जास्त, न चुकता गोळ्या घ्यायच्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "पोरगी माझ्या कुशीत झोपते."

दुसऱ्या दिवशी सहा वर्षांची पोरगी आली. तिच्या इवल्याशा पाठीवर मी जीव मुठीत धरून ऐकलं. श्वास साफ होता. तरी बाईंनी तपासण्या केल्याच, त्याही चांगल्या आल्या, आणि खबरदारी म्हणून तिलाही गोळ्या सुरू झाल्या. मागोमाग मेहुणा त्या दुसऱ्या दोघांना दंडाला धरून घेऊन आला.

पुढे माझी नळी कडक झाली, तडकली. बाईंकडे नवा आला आणि मी खणात पडलो. एके दिवशी त्यांनी मला पुसून, बापाबरोबर गोळ्या न्यायला आलेल्या त्या पोरीला देऊन टाकलं. आता ती रोज मला बापाच्या पाठीला लावते. तडकलेल्या नळीतून तिला काही ऐकू येत नाही.

"बाबा, आजची गोळी घेतली?"

"घेतली गं."

मित्रांनो, घरात कुणी दोन आठवडे खोकत असेल आणि काही नाही म्हणत असेल, तर तुम्हीही हिच्यासारखं करा, बोलण्यावर न जाता तपासून घ्या. ती बापाकडे नीट बघते, मला गळ्यात अडकवते आणि गोळ्यांचं पाकीट मोजायला जाते.