एकशे बारावरचा काटा

मी एक जुना टेंपरेचर मीटर आहे. तळहातावर मावेल एवढी माझी गोल तबकडी, तिच्यावर चाळीसपासून एकशे वीसपर्यंत आकडे, आणि एक बारीक काळा काटा. पाठीमागून तांब्याची लांब नळी निघते आणि तिच्या टोकाला करंगळीएवढी पितळी कांडी असते. ही कांडी इंजिनाच्या पाण्यात बुडलेली असते. ते पाणी म्हणजे इंजिनाला थंड ठेवणारं कूलंट. ते जितकं तापेल, तितका माझा काटा पुढे सरकतो. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य एवढ्या एकाच कामात गेलं. जे खरं आहे ते दाखवायचं, आणि तेही तोंडातून अवाक्षर न काढता.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझी कांडी उकळत्या पाण्यात बुडवली आणि काटा शंभरावर जाऊन थांबेपर्यंत नजर हटवली नाही. माझ्या शेजारचा मीटर त्र्याण्णवावरच अडकला. बाईंनी त्याला मुकाट्याने नापासांच्या टोपलीत टाकलं. माझ्याकडे पाहून मात्र त्यांनी मान डोलावली. पहिली शाबासकी कुणी विसरत नाही.

पुढे अनेक वर्षं मी एका दवाखान्याच्या तळघरात, वीज तयार करणाऱ्या मोठ्या डिझेल इंजिनावर काम केलं. तिथला ऑपरेटर दर तासाला माझा आकडा वहीत टिपून ठेवी. मग नवं यंत्र आलं. जुनं इंजिन सुटं झालं आणि मी फिरत फिरत एका गॅरेजच्या फळीवर, नटबोल्टांनी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात येऊन पडलो. किती काळ गेला, सांगता येत नाही. काचेवर धुळीचा थर बसला. कुणी डबा उघडला की मला वाटे, आता आपला नंबर लागला. पण हात यायचा तो बोल्टासाठी.

ते गॅरेज ज्याचं होतं, त्याला सगळे कानसेन म्हणत. गाडी दाराशी यायच्या आधीच तो आतून ओरडे, "बेल्ट सैल आहे रे तुझा!" आणि ते खरं निघे. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याची थोरली बहीण मधमाश्या पाळायची. तो तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो. काही वर्षांपूर्वी एका आजारपणात तिचे कान गेले होते. डाव्या कानाने काहीच ऐकू येत नसे. उजव्या कानात यंत्र घातलं, की समोर बसून बोलणाऱ्याचं थोडंफार समजे. बाकीचं ती ओठांवरून वाचायची. गाडी चालवताना मात्र ती यंत्र काढून ठेवी, कारण इंजिनाचा घरघराट त्यातून नुसता टोचायचा. मग ती डोळ्यांनी आणि हातापायांनी गाडी चालवे. स्टिअरिंगची थरथर, पायाखालचा धक्का, आरशातला रस्ता यांतलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. मोहोळाच्या पेटीवरही ती तळहात ठेवायची, आणि आतली गुणगुण तिला हाताने कळायची.

ताईची डिझेल पिकअप जुनी झाली होती. मागे पेट्यांनी भरलेला ट्रेलर जोडला की घाटात ती धापा टाकू लागे. भावाला ते बघवेना. एके दिवशी त्याने गाडी ठेवून घेतली आणि महिनाभर खपून तिचं रूपच पालटलं. इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, इंजिनाला जास्त डिझेल मिळेल अशी सोय केली, आणि हौसेखातर पुढच्या जाळीवर सहा गोल दिवे ओळीने लावले.

"पिकअपचा वाघ केलाय बघ!" तो छाती फुगवून म्हणाला.

ताईने एक फेरी मारली आणि हसत परत आली. "वाघ पळतो झकास. पण त्याला ताप आला तर मला कसं कळणार?"

"हा काय, कंपनीचा काटा आहे की समोर."

"तो? मी रोज बघते त्याला. सपाटीला मध्ये, चढावर मध्ये, उन्हात मध्ये. फोटोला बसवल्यासारखा जागचा हलत नाही."

ताईचं म्हणणं बरोबर होतं. तो काटा असाच बनवलेला असतो. पाणी ऐंशीच्या पुढे गेलं की मधोमध येऊन बसतो आणि शंभर ओलांडले तरी तिथेच राहतो. उगाच चालकाच्या जिवाला घोर नको, म्हणून. तो हलतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. साध्या गाडीला ते चालूनही जातं. पण जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि पाणी थंड करणारा रेडिएटर तर जुनाच होता.

ताईने स्वतःच फळीवरचे डबे उपसायला सुरुवात केली. आणि एकदाचा तिचा हात माझ्यावर पडला!

"भंगार आहे ते," कानसेन म्हणाला.

"भंगार आहे की नाही, ते पाण्यालाच विचारू." तिने गॅरेजातल्या शेगडीवर चहाच्या भांड्यात पाणी उकळलं आणि माझी कांडी त्यात सोडली. इतक्या वर्षांनी पुन्हा परीक्षा! मी भीतभीतच काटा हलवला. शंभर. ताईने भावाकडे नुसतं पाहिलं. तो कुरकुरत उठला आणि त्याने मला पिकअपमध्ये, तिच्या नजरेसमोर बसवलं.

पुढचा महिनाभर ताईने माझा अभ्यास केला, असंच म्हणायला हवं. सपाट रस्त्याला मी शहाऐंशीवर असे. लहान चढाला पंचाण्णव. भरल्या ट्रेलरने मोठा चढ घेतला की एकशे दोन, एकशे तीन. ते सगळं टिपून तिने एक कागद लिहिला आणि माझ्याखाली चिकटवला: पंचाण्णवपर्यंत खुशाल. शंभराच्या पुढे लक्ष. एकशे पाचला पाय हलका. एकशे दहाला थांबायचं, काहीही असो.

त्या "काहीही असो"ची कसोटी लवकरच लागली.

डोंगरावरच्या पठारावर एक मोठी फळबाग होती. तिथे फुलं उमलली होती आणि मालक ताईच्या मधमाश्यांची वाट बघत होता. भल्या पहाटे ताईने अठ्ठेचाळीस पेट्यांची तोंडं जाळीने बंद केली आणि भावाच्या मदतीने त्या ट्रेलरवर चढवल्या; तोही बरोबर निघाला. ऊन तापायच्या आत पोचायचं, हा बेत. कारण बंद पेटी उन्हात उभी राहिली तर आतल्या माश्या उकाड्यानेच मरतात. गाडी चालती असली की निदान वारा लागतो. पण वाटेत एक मालट्रक रस्त्यावर आडवा झालेला, आणि तो बाजूला होईपर्यंत तीन तास गेले. घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा सूर्य डोक्यावर चढला होता.

चढण सुरू झाली. अठ्ठ्याण्णव. एकशे तीन. ताईने खालचा गिअर टाकला आणि पाय हलका केला. तरी एकशे सात. तिने केबिनचा हीटर पूर्ण सोडला. तेवढीच इंजिनाची उष्णता आत काढून घेता येते. दोघांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या.

"अगं, बंद कर तो!" कानसेन खिडकीकडे तोंड करून ओरडला.

"इकडे बघून बोल."

तो वळला. "इंजिन बघ कसं गातंय. एक ठोका चुकत नाहीये. कंपनीचा काटाही मध्येच आहे. तू त्या भंगारावर विश्वास ठेवू नकोस!"

एकशे दहा. एकशे बारा.

मित्रांनो, मी तेव्हा काय करू शकत होतो? मला ना घंटा, ना दिवा. मी फक्त माझ्या जागी खरा राहू शकत होतो. खरं सांगतो, मलाही वाटून गेलं की या बाईच्या अठ्ठेचाळीस पेट्या मागे उन्हात आहेत आणि मी तिला थांबायला सांगतोय. मी चुकत असेन तर?

ताईने वळणापलीकडची रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली आणि उभी केली.

"थांबू नकोस! माश्या गुदमरतील!"

"तुला ऐकू येतंय ते मला येत नाही, हे खरंय," ती म्हणाली. "पण मला जे दिसतंय त्याच्याकडे तू बघतच नाहीयेस. मी उकळत्या पाण्यात बघितलंय याला. हा खोटं बोलत नाही."

तिने इंजिन लगेच बंद केलं नाही. बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि होती नव्हती ती उष्णता एका जागी साठते. गिअर काढून तिने इंजिन नुसतं चालू ठेवलं. तोवर कानसेन बॉनेट उघडून, हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे गेला होता. ताईने धावत जाऊन त्याचं मनगट पकडलं.

"वेडा झालास? आत दाबाखाली पाणी आहे. झाकण उघडलंस तर सगळं तोंडावर येईल. वाचशील का तू?"

एवढ्या अनुभवी माणसाची मान खाली गेली. ऐन वेळी घाईने शहाण्यालाही वेडं केलं होतं.

आणि तसाच मान खाली घालून उभा असताना त्याने एकदम कान टवकारले. मग तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "ताई, पंखा."

"काय झालं पंख्याला?"

"इतक्या तापलेल्या इंजिनाला पंख्याने वादळासारखा आवाज करायला हवा. हा नुसता सुस्त फिरतोय, त्याला इंजिनाशी जोडणारा क्लच गेलाय. इतका वेळ मी इंजिनच ऐकत बसलो. जे वाजत नव्हतं ते मला ऐकूच आलं नाही." मग त्याची नजर जाळीवरच्या सहा दिव्यांकडे गेली. "आणि वारा यायचा, तर तो मीच अडवून ठेवलाय."

ताई त्याच्याशी एक शब्दही वाकडा बोलली नाही. "काटा शंभराच्या खाली आलेला दिसला की इंजिन बंद करते, मग तू तुझं काम कर," एवढंच म्हणाली आणि पाण्याचे दोन कॅन उचलून ट्रेलरकडे निघाली.

कानसेन तिच्या समोर येऊन म्हणाला, "ते पाणी रेडिएटरला लागेल!"

तिने पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. रेडिएटरला जोडलेल्या त्या बाटलीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये, जिथल्या तिथे होती. "थेंबही सांडलेला नाही. वेळेवर थांबलो ना आपण."

आणखी पाच मिनिटं गाडी रेटली असती, तर पाणी उकळून बाहेर पडलं असतं, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं असतं, आणि मग कॅन रिकामे करूनही काही उपयोग झाला नसता. आता ते सगळं पाणी माश्यांना मिळालं. ताईने एकेका पेटीवर ओंजळीने शिंपडलं, वर ओली पोती पसरली, प्रत्येकीवर तळहात ठेवून पाहिला. मधूनच पळत येऊन ती माझ्याकडे बघून जाई. एकशे चार. नव्व्याण्णव. शेवटी चौऱ्याण्णवावर तिने किल्ली फिरवली.

मग कानसेनाने जे काम केलं, ते बघत राहावं असं होतं. चटके सोसत त्याने पंख्याचा क्लच दोन बोल्टांनी जखडून टाकला, म्हणजे इंजिनाबरोबर पंखा फिरलाच पाहिजे. नंतर सहाचे सहा दिवे उपटून त्याने मागे टाकले. गाडी सुरू झाली तेव्हा पंख्याचा घोंगावणारा आवाज सगळ्या घाटात घुमला. ताईला तो ऐकू आला नाही, पण बॉनेटवर हात ठेवून तिने तो ओळखला आणि भावाची पाठ थोपटली.

उरलेला घाट आम्ही बैलगाडीच्या चालीने चढलो. आता कानसेन रस्ता सोडून माझ्याकडेच बघत होता आणि बहिणीच्या समोर बोटांनी आकडे धरत होता. "मला दिसतंय रे," ती म्हणाली, "हात खाली घे, रस्ता झाकतोयस." एकशे एकच्या वर मी गेलो नाही.

बागेत पेट्या उतरवल्या. जाळ्या काढताच माश्या ढगासारख्या बाहेर पडल्या आणि फुलांवर गेल्या. एक पेटी मात्र गप्प होती. ताई तिच्यावर बराच वेळ हात ठेवून बसली. तिने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. कानसेन तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला. थोड्या वेळाने तिच्याकडे तोंड करून, प्रत्येक शब्द सुटा उच्चारत म्हणाला, "सत्तेचाळीस तू वाचवल्यास."

परत आल्यावर त्याने मोठा रेडिएटर आणि नवा क्लच बसवला आणि इंजिनाचं वाढवलेलं डिझेल थोडं कमी केलं. वाघाची ताकद जरा उतरली, पण आयुष्य वाढलं. पुढे त्याने लाल दिवा लुकलुकणारा नवा मीटरही आणला. ताईला तो फार आवडला. तिने तो माझ्या शेजारी लावला. मला काढलं मात्र नाही. "दोन साक्षी असलेल्या बऱ्या," म्हणाली.

आज माझ्या काचेला तडा गेला आहे आणि आकडे पिवळे पडले आहेत. मी माणसं खूप पाहिली, पण जिवापाड जपलेल्या माश्या मागे तडफडत असतानाही एका काट्याचा शब्द खाली न पडू देणारी अशी ताई मला दुसरी भेटली नाही. आणि आपली चूक स्वतःच्या हाताने उपटून टाकणारा तिचा भाऊही.

मित्रांनो, तुमच्या आसपास माझ्यासारखी मुकी साधनं पुष्कळ असतील. त्यांच्यावर धूळ बसू देऊ नका. ती खरी आहेत की नाही, हे एकदा तपासून घ्या, आणि खरी ठरली तर मग ऐन घाईत त्यांच्याशी वाद घालू नका. आम्हाला ओरडता येत नाही. आमच्याकडे कुणीतरी बघावं लागतं.

आता रोज सकाळी ताईने किल्ली लावायच्या आधी कानसेन अंगठ्याने माझी काच पुसतो. तड्याच्या जागी त्याचा अंगठा जरा जपूनच फिरतो.