तेवीस नंबरची खोळ

मी एक जुनी काळी खोळ आहे. विटलेली आहे, दोन ठिकाणी रफू केलेली आहे, आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. मित्रांनो, उशीची खोळ तुम्हाला ठाऊक असेल, छत्रीचीही असेल. मी बाटलीची खोळ, तीही वाइनच्या बाटलीची. त्या बाटलीशी तुम्हा मुलांचं काही काम नाही. माझ्याशी मात्र आहे, म्हणून सांगते.

दरवर्षी एका मोठ्या हॉलमध्ये देशोदेशीच्या वाइनची स्पर्धा भरते. पांढरी कापडं अंथरलेल्या टेबलांभोवती परीक्षक बसतात. पेला उजेडात धरतात, गोल फिरवतात, नाक खुपसून वास घेतात, घोटभर तोंडात घोळवतात आणि शेजारच्या बादलीत थुंकून टाकतात. दिवसाला सत्तर पेले गिळले तर गुण कोण देणार? बाटली कोणाची, हे त्यांना कळता कामा नये. पूर्वी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत, पण कागद भिजून फाटे आणि मालकाचं नाव खुशाल बाहेर डोकावे.

त्या परीक्षकांत एक बाई होत्या. त्यांच्या नाकाला भलेभले वचकून असत. फाटक्या कागदांची कटकट त्यांनी घरी आईला सांगितली. आईचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला, वाइनचा थेंब कधी जिभेला लागलेला नाही. ती म्हणाली, "नाव दिसलं की जीभ खोटं बोलते गं. झाकायचं तर नीट झाका." तिने जुना जाड पडदा काढला, चाळीस खोळी बेतल्या, गळ्याशी नाडी घातली आणि पोटावर पांढऱ्या दोऱ्याने आकडे काढले. माझ्या वाट्याला तेवीस आला.

पहिली काही वर्षं कौतुकाची गेली. मग नामांकित द्राक्षमळेवाल्यांच्या डोळ्यांत मी खुपू लागले. "आमच्या बाटलीला हे गोणपाट?" असं ते म्हणत. म्हणोत बापडे! माझ्या पोटात शिरली की राजाची बाटली आणि रंकाची बाटली सारखीच काळी.

सहाव्या वर्षी जे घडलं, ते मात्र मी जन्मात विसरणार नाही.

माझ्यातल्या बाटलीचा घोट घेऊन बाईंनी कपाळाला आठी घातली. शेजारचे टकले परीक्षक म्हणाले, "आंबलीय हो ही."

"मलाही तसंच वाटतंय. पण एखादी बाटली नासकी निघते. दुसरी मागवू," बाई म्हणाल्या.

दुसरी बाटली आली, तीही आंबलेली. पाचही जणांनी कमी गुण दिले. तेवढ्यात आयोजक लगबगीने आले आणि बाईंच्या कानाशी वाकले.

"बाई, तेवीस नंबर जरा पुन्हा बघता का?"

"दोनदा बघितला."

"तसं नव्हे. खोळ थोडी वर सरकवा, मग काय ते ठरवा. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

त्यांची बोटं माझ्या नाडीपर्यंत पोचलीसुद्धा! बाईंनी माझा गळा मुठीत असा आवळला, की माझी शिवण उसवली.

"हात काढा," त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की सगळा हॉल वळून बघू लागला. "बाटली कोणाची का असेना, गुण बदलणार नाहीत."

कागदांवर सह्या झाल्या. संध्याकाळी खोळी उतरवल्या, तेव्हा माझ्यातून निघाली बाईंच्या सख्ख्या भावाच्या द्राक्षमळ्यातली बाटली. पदक मिळवून बहिणीला चकित करावं, म्हणून त्याने ती गुपचूप पाठवली होती. बाईंचा चेहरा उतरला. पण दुसऱ्याच क्षणी त्या आयोजकांवर कडाडल्या, "तुम्हाला ठाऊक होतं, तर मला या टेबलावर बसवलंत कशाला? आता दुसऱ्या टेबलाकडून तपासून घ्या." दुसऱ्या टेबलानेही तेच सांगितलं.

शिवण घालायला बाईंनी मला घरी नेलं. आईने सुई ओवली न ओवली, तोच दादा दारात उभा.

"सख्ख्या बहिणीने पाडलं मला! लोकांना काय तोंड दाखवू?"

"नाव दिसत नव्हतं, दादा."

"मग झाकता कशाला? बाटली काय चोर आहे?"

आई सुईवरून नजर न काढता म्हणाली, "खोळ मी शिवलीय. भांडायचं तर माझ्याशी भांड. आणि आधी हे सांग, वाइन आंबली होती की नव्हती?"

दादा आला तसा निघून गेला. सात महिने त्याने बहिणीला फोनही केला नाही. बाई त्याचा विषय निघाला की उठून भांडी घासू लागत, असं आईने पुढे कोणाला तरी सांगितलं. पण आपण चुकलो, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

आठव्या महिन्यात दादाचा फोन आला. "ये, आणि माझी पिंपं हुंगून जा."

बाई गेल्या. एकेका लाकडी पिंपात नाक घालून त्यांनी आंबूस वासाच्या चार पिंपांवर खडूने फुल्या मारल्या. दादाने कुऱ्हाड आणून ती चारही स्वतःच्या हाताने फोडली. मग घाम पुसत विचारलं, "यंदा पाठवू?"

"पाठव. फक्त या वेळी मला आधी सांग. मी दुसऱ्या टेबलावर बसेन."

त्या वर्षी दादाला कांस्यपदक मिळालं. "नुसतं कांस्य?" म्हणून तो दिवसभर कुरकुरला, पण पदक गळ्यातून काढेना.

मित्रांनो, मध्यंतरी आम्हाला अडगळीत टाकलं होतं. आयोजकांनी झुळझुळीत, चकचकीत खोळी आणल्या. बाईंनी त्यातली एक बाटलीसकट खिडकीशी धरली आणि विचारलं, "आतलं नाव मोठ्याने वाचू का?" तासाभरात आम्ही चाळीसच्या चाळीस पुन्हा टेबलांवर!

म्हणून सांगते, झाकणारं सगळंच लबाड नसतं. मला कसर लागली तर झटका, फाटले तर टाका घाला, थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. विटकी म्हणून हिणवलंत तरी चालेल. पण निकालाआधी मला उचलून बघायला आलात, तर तुम्ही कितीही मोठे असा, मी गाठ सोडणार नाही.