मागची दोन चाके एकाच दिशेला

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. दोनच माणसांची. मागे बसायला जागा नाही, सामान ठेवायला म्हणावी तर एक छत्री आणि एक डबा मावतो. टप कापडाचा आहे आणि तो उजव्या कोपऱ्यात गळतो. एवढे असूनही मी स्वभावाने थोडी तोऱ्याचीच होते. तो तोरा कसा उतरला, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

माझे मालक दातांच्या कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे टेबल, मेणाचे साचे, पांढरी भुकटी आणि रांगेने मांडलेले दुसऱ्यांचे दात. त्या खोलीला लागूनच माझी शेड. मधले दार उघडे असले की मला ते दात दिसत आणि मालकांना मी दिसे. केसाएवढी जागा कमीजास्त झाली तर कवळी टोचते, त्यामुळे मालक प्रत्येक गोष्ट मोजूनमापून करत. आठवडाभर कवळ्या घासायच्या आणि रविवारी मला घेऊन मैदानावर जायचे, हा त्यांचा नेम होता.

मैदानावर रबराचे शंकू मांडून वेडावाकडा रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात. शर्यत घड्याळाशी असते. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. पडलेले शंकू उचलायला नोकर नसतात, ज्यांची पाळी नसते ते स्पर्धकच उन्हात उभे राहून ते काम करतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गट. कारखान्यातून आली तशीच असलेली गाडी मूळ गटात. टायर, स्प्रिंगा, सीट असे वरवरचे बदल केले तर मधल्या गटात. आतली यंत्रणा बदलली की थेट खुल्या गटात, जिथे सगळी धिप्पाड जनावरे धावतात. गाडी कोणी उघडून बघत नाही. मालकाने फॉर्मवर बदल लिहायचे आणि खाली सही करायची, बस्स. सगळा कारभार विश्वासावर.

माझे टायर, स्प्रिंगा आणि सीट बदललेले होते, म्हणून मी मधल्या गटात. मालकांना नियमांचे पुस्तक तोंडपाठ. कोणाला गट ठरवता आला नाही की लोक म्हणत, "जा, कवळीवाल्यांना विचार." ते ऐकले की माझ्या बॉनेटला उगाच चकाकी आल्यासारखे मला वाटे.

मालकीणबाईंच्या धाकट्या भावाचे लेथचे वर्कशॉप आहे. शिकत होता तेव्हा तो सहा वर्षे याच घरात राहिला. एकदा माझ्या मागच्या बाजूने घरघर यायला लागली. मालकांनी मला त्याच्याकडे सोडले. त्याने माझे पोट उघडले, तर मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणारे गिअर पार झिजलेले. त्याच्याकडे एका मोडीत काढलेल्या शर्यतीच्या गाडीचे गिअर पडलेले होते. साध्या गिअरांत वळणावर आतले चाक नुसते गरगरते आणि जोर वाया जातो. या गिअरांत दोन्ही चाके मिळून जमीन ढकलतात. त्याने ते मन लावून बसवले, शीळ वाजवत बसवले. मालक आले तेव्हा म्हणाला, "घरघर गेली बघा, भावोजी." आणखी काही बोलला नाही.

मला तेव्हाच कळले होते. पहिल्याच वळणावर कळले. पण मला तोंड आहे कुठे? आणि खरे सांगते, असते तरी मी उघडले नसते. जिंकायला कोणाला आवडत नाही? लागोपाठ दोन वर्षे मधल्या गटाचा कप आमच्या घरी आला. दुसऱ्या नंबरावर दोन्ही वेळा भूगोलाच्या बाई. शाळेतून सुटल्यावर रिकाम्या मैदानावर एकट्या सराव करणाऱ्या या बाईंची गाडी माझ्याहून लहान आणि माझ्याहून प्रामाणिक.

तिसऱ्या वर्षीच्या शेवटच्या स्पर्धेचा दिवस. सकाळी मैदानावर पोचल्यावर मालकांनी मला मागून उचलून स्टँडवर ठेवले होते, टायर बदलायला. मालकीणबाई चिखल पुसायला बसल्या. त्यांनी एक चाक हाताने फिरवले आणि थांबल्या. पुन्हा फिरवले. साध्या गाडीत पलीकडचे चाक उलटे फिरते. माझे सुलटे फिरत होते. त्यांचे बालपण वडिलांच्या गॅरेजमध्ये गेलेले, त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अहो, जरा इकडे या."

मालकांनी चाक तीनदा फिरवले. मग मेहुण्याला फोन लावला. फोनमधला आवाज मलाही ऐकू आला, इतका तो आनंदाने बोलत होता. "मीच बसवलेत की! म्हटलं सांगितलं तर नको म्हणाल. कसली चिकटून जाते वळणावर, नाही?"

मालक "बरं" एवढेच म्हणाले.

फॉर्म अजून त्यांच्या हातात होता. नोंदणीच्या टेबलावर द्यायला अर्धा तास होता. मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "खुला गट लिहा."

"आणि मागच्या दोन वर्षांचं विचारलं तर? सगळे मला विचारून गट ठरवतात."

"विचारू दे. आज लिहिलं तर ती चूक आहे. उद्या लिहिलं तर लबाडी."

तेवढ्यात भूगोलाच्या बाई आपला फॉर्म घेऊन आल्या. त्यांनी स्टिअरिंग बदलले होते, जुन्याला भेग गेली म्हणून. "एवढंसं लिहायला लागतं का हो?"

"लिहून टाका," मालक म्हणाले. "नंतर कोणाला बोट ठेवायला जागा नको."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाई आभार मानून गेल्या. मालकांनी टायर, स्प्रिंगा, सीट असे लिहिले आणि सही केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असेच त्यांना वाटले असावे. मी बाईंच्या गाडीला तीन दशांश सेकंदांनी मागे टाकून जिंकले. मला त्या दिवशी टाळ्या नकोशा झाल्या.

त्यानंतर मालकांनी मला बाहेर काढले नाही. पाच महिने माझ्यावर कापड होते. मालकीणबाई घरात कामापुरते बोलत. मेहुणा दोन-तीनदा आला, पण मालक त्याच्याशी तुटक वागले. आपले काय चुकले हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितले नाही, आणि मग तो यायचा थांबला. त्याने तर मायेने केले होते. माझ्या पोटातल्या त्या चांगल्या गिअरांचा मला राग येऊ लागला.

एका दुपारी भूगोलाच्या बाई घरी आल्या. त्यांची गाडी आता थकली होती. "विकणार असाल तर तुमची मला द्या. तुमचा फॉर्म मी डोळे झाकून उतरवून काढीन. तेवढीच काळजी मिटली."

गाडी विकताना बदलांची यादी लिहून द्यायची पद्धत आहे. मालकांनी कवळ्या बाजूला सारल्या आणि कागद घेतला. टायर. स्प्रिंगा. सीट. पेन थांबले. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मग मालकांनी चौथी ओळ लिहिली आणि कागद पुढे केला.

बाईंनी तो दोनदा वाचला. "हे कधीपासून?"

"तीन वर्षं होत आली."

"तुम्हाला कळलं कधी?"

आत्ताच कळले, असे ते म्हणू शकले असते. कोण खोडून काढणार होते? मी श्वास रोखून उभी होते, गाडीला जेवढा रोखता येतो तेवढा.

"शेवटच्या स्पर्धेच्या आधी," मालक म्हणाले. "त्याच सकाळी."

"मी तुम्हाला विचारायला आले होते तेव्हा?"

"हो. तेव्हा."

बाईंनी कागदाची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि पर्स उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिन्ही कप परत केले. आता मी खुल्या गटात धावते आणि शेवटून पहिली येते. त्याचे मला काही वाटत नाही. गट विचारायला मालकांकडे कोणी येत नाही, तेही मी समजू शकते. पण परवा आमच्या वळणावर शंकू उचलायला भूगोलाच्या बाई होत्या. मी एक शंकू पाडला. त्यांनी दोन सेकंदांचा दंड सांगितला, शंकू उचलून जागेवर नीट ठेवला, आणि मालकांनी हात वर केला तरी त्यांच्याकडे पाहिले नाही.

मित्रांनो, गाडीचे तेल वेळेवर बदला, टायरची हवा बघा, हे तर मी सांगेनच. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावाल, तर काय केले ते त्याला सांगा, चांगले केले असले तरी सांगा. आणि आपली चूक सकाळी कळली, तर सकाळीच लिहून टाका. माझ्या मालकांच्या हातात तेव्हा अर्धा तास होता. खूप होता हो तो.