पाटावर बसवलेला इंग्रजी शब्दकोश

मी बोलतोय तो अमडापूरच्या उकंडराव देशमुखांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नागपूरचा एखादा साहेब दौऱ्यावर आलाच, तर घरात मी दिसावा, म्हणून उकंडरावांनी मला मलकापुरात विकत घेतलं. साहेब काही आला नाही आणि मी फडताळात बसून राहिलो.

दसऱ्याला मात्र माझा थाट! पाटावर बसायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं ल्यायची. पूजा मांडली की दुसऱ्या दिवसापर्यंत पुस्तक उघडायचं नाही, असा घरचा रिवाज. माझ्या बाबतीत तो वर्षभर पाळला जाई.

एका दसऱ्याला सोनं वाटायच्या निमित्तानं मलकापूरचे भगवानराव आपल्या लक्ष्मीकांताला घेऊन आले. उकंडरावांच्या लेकीसाठी, प्रेमलेसाठी, हे स्थळ होतं आणि मुलाच्या इंग्रजीचा मोठा बोलबाला होता. कानाला सारखे लागणारे शब्द विचारले की खरा इंग्रजीवाला कळतो, असं उकंडरावांनी तहसिलीत ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, 'मीट' दोन आहेत म्हणतात, त्यांत फरक काय?

लक्ष्मीकांत अडखळला नाही. एका 'मीट'नं साहेबाला भेटायचं, म्हणाला, आणि दुसऱ्यानं आपल्यासारख्याला. बैठकीनं माना डोलावल्या. साहेबाचं सगळंच वेगळं, तेव्हा भेटणंही वेगळं असणारच. माझ्या पोटात दुसऱ्या 'मीट'पुढे 'मांस' असं ठसठशीत छापलेलं, आणि मी फुलांखाली गप्प! असा संताप झाला माझा!

सुपारी पुढे आली. मामाकडे राहून थोडं इंग्रजी शिकलेल्या प्रेमलेला शंका आली. कोशात पाहू, ती म्हणाली.

"आज पूजा मांडली हाये त्याची. उद्या पाह्यजो," उकंडराव म्हणाले.

"सुपारी आज फुटून राह्यली, बाबा. मंग उद्या पाहून काय करू?"

आणि तिनं मला उचललं. फुलं सांडली, पानं करकरली. अर्थ तिनं मोठ्यानं वाचला, पण पाहुणे तोवर पागोटी सावरत उठले होते. पूजेत हात घालणारी सून भगवानरावांना नको होती. सोयरीक मोडली. लक्ष्मीकांताच्या इंग्रजीवर कुणी बोट ठेवलं नाही; पुढे तो त्याच जोरावर शिकवण्या घेऊ लागला.

उकंडरावांनी मला बाटलेला ठरवून प्रेमलेकडे टाकलं. पुढचं स्थळ आलं तेव्हा प्रश्न तिनं स्वतः विचारले, मला मांडीवर उघडा ठेवून. लग्न झालं, मीही सासरी आलो. आता शिवण उसवली आहे, पानांवर वरणाचे डाग आहेत, आणि मी सुखात आहे.

लोकहो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद पाटावर बसला असेल, तर त्याला लवकर बाटवा.