बाबांच्या खुर्चीखालचं गवत

इमारतीच्या फरसबंद अंगणात भक्तांच्या गर्दीने पाय ठेवायला जागा नव्हती. ऐन उन्हाळ्यात सगळ्या फरशा भाजून निघत होत्या आणि तळमजल्यावरच्या बाबांच्या खुर्चीभोवती मात्र फटीफटीतून लुसलुशीत गवत उगवलं होतं. आपण बसतो तिथे दगडालाही पाझर फुटतो, असं बाबा नम्रपणे सांगत. हे गवत चावून खाल्लं की आजार पळतो. फक्त गोळ्या बंद करायच्या, कारण गवताला त्यांचा वास चालत नाही.

गवताला नाक असतं, हे तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंना नव्यानेच कळलं. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. एरवी त्यांनी हसून सोडून दिलं असतं. पण सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या आणि एका सकाळी ओट्यापाशीच चक्कर येऊन पडल्या. मुलाने विनवलं, सुनेने समजावलं. सासूबाई हटेनात. दगडावर गवत उगवतं असं तुझ्या पुस्तकात आहे का, असं उलट त्यांनीच विचारलं.

सूनबाई विचारात पडल्या. फटीत धूळ साचते, बी वाऱ्यावर येतं. अडतं ते पाण्यापाशी. मग पाणी येतं कुठून? नीट पाहिलं तर हिरवळ बाबांच्या न्हाणीघराच्या भिंतीपासून सरळ रेषेत खुर्चीकडे निघाली होती.

दुसऱ्या दिवशी हात धुण्याच्या निमित्ताने त्या बाबांच्या न्हाणीघरात शिरल्या, कपड्यांच्या निळीची पुडी मोरीत रिकामी केली, वर बादलीभर पाणी ओतलं आणि साळसूद चेहऱ्याने अंगणात गवत चावत बसलेल्या सासूबाईंशेजारी येऊन बसल्या.

थोड्याच वेळात खुर्चीखालच्या फटींतून निळं पाणी झिरपू लागलं. गर्दीने हात जोडले. बाबाही चपापले, पण लगेच सावरून म्हणाले, "आज साक्षात आकाश प्रसन्न झालं."

"आकाश नाही बाबा, तुमची मोरी," सूनबाई म्हणाल्या. "नीळ मी ओतलीय."

कुणीतरी फरशी उचकटली. खाली मोरीचा पाइप होता आणि त्याला करवतीने पाडलेली सुबक खाच. बाबांना एकाएकी आत काहीतरी काम आठवलं.

सासूबाईंचं तोंड चावता चावता थांबलं. "म्हणजे मी इतके दिवस याच्या आंघोळीचं..." घरी जाऊन त्यांनी खळखळून चुळा भरल्या आणि आपण होऊन गोळी मागितली.

त्यानंतर कुणी गवत मागायला आलं, की सासूबाईच जिन्यात गाठून सांगायच्या, "माती, बी आणि पाणी मिळालं की गवत कुठेही उगवतं. हात जोडायचे ते नंतर जोडा. आधी विचारा, पाणी कुठून आलं?"