आधी आमच्या गल्लीला सांग

माझा धाकटा पाण्यातले जंतू शोधतो. शिकून एवढा मोठा झाला की परदेशातले लोक त्याला भाषणाला बोलावतात. आणि चौथीत शाळा सोडलेली मी त्याची आई आहे, हे मी गल्लीत कुणाला विसरू दिलेलं नाही.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात त्याची माणसं बाटल्या घेऊन आली, तेव्हा त्यांना दारोदार मीच फिरवलं. शिंपीण तोंडावर म्हणाली, आमचं पाणी नेऊन आम्हाला काय मिळणार? मी म्हटलं, माझा लेक आहे, निकाल लागला की आधी तुला सांगेल. तिने हंड्यातलं पाणी दिलं, पोराच्या शीचा नमुनाही दिला. लाज गिळून दिला, माझ्या शब्दावर.

निकाल काही आला नाही. विचारलं की म्हणायचा, काम चालू आहे. इकडे माझ्या लेकीच्या तान्ह्याला दोनदा सलाईन लागलं. पोर सुकून चिपाड झालं. दवाखान्यातली बाई लेकीलाच झापायची, हात धूत जा म्हणून. धुऊन धुऊन पोरीच्या बोटांची सालं निघाली.

परवा धाकटा आला, त्याच्या मुलीला घेऊन. परदेशात भाषण करून नुकताच परतलेला, टाळ्या किती पडल्या ते सांगत होता. जेवायला बसलो. नातीने माझ्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं, तोंडाला लावणार, तोच याने पेला तिच्या हातातून ओढला. पिशवीतून विकतची बाटली काढून तिच्यापुढे ठेवली.

समोर लेक बसली होती, मांडीवर तान्हं. तिने पेल्याकडे पाहिलं, मग भावाकडे.  मीच विचारलं,

"काय आहे रे पाण्यात?"

त्याने हातातला घास खाली ठेवला. मग एकेक बाहेर पडलं. नळाची जुनी लाईन गटाराखालून जाते, ती फुटलीय, मैला मिसळतो. त्याला हे उन्हाळा लागला तेव्हापासून ठाऊक. पाणीखात्याला कळवलंय, त्यांचं उत्तर नाही. आणि संशोधनाचा पेपर छापून यायच्या आधी बाहेर बोलायचं नसतं म्हणे.

"मग तिकडे टाळ्या वाजवल्या ते कोण, घरचे?"

"आई, ते शास्त्रज्ञ आहेत. त्यांना कळलं तर जगभर उपयोग होतो."

"होऊ दे की. जगाला सांग, मी कुठे अडवते? पण पाणी आमचं, शी आमची, आजारी पडणारी पोरं आमची, आणि निकाल तेवढा तुझा?"

लोक घाबरतील, म्हणाला. मी म्हटलं, घाबरू देत, घाबरलेली माणसं पाणी उकळून तरी पितात. तो म्हणाला, थोडे दिवस दे, वरिष्ठांना विचारतो. भरल्या ताटावरून मी आजवर कुणाला उठवलं नव्हतं. त्याला उठवलं. हात धू म्हटलं, तुझ्या बाटलीतल्या पाण्याने.

शिंपिणीच्या दारात उभा राहून तो सुरू झाला, प्रमाण काय, पातळी काय, मर्यादा काय. मी मधेच तोडलं.

"मला सांगितलंस तसं सांग."

मग सांगितलं. गटाराचं पाणी नळात येतंय, उकळल्याशिवाय थेंब पिऊ नका, पोरांना तर मुळीच देऊ नका. आणि कधीपासून ठाऊक आहे तेही, कारण मी हलायला तयार नव्हते.

शिंपिणीने मशीन थांबवलं. त्याच्याकडे न बघता ती माझ्याकडे वळली. मला विचारलं, "काकू, तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता. जेवताना."

खरं बोलतेय की लेकाला पाठीशी घालतेय, ते ती माझ्या तोंडावर शोधत राहिली. मी नजर हलवली नाही. ती उठून आत गेली, आणि पिंप मोरीत उपडं केल्याचा आवाज आला. 

धाकटा घराकडे वळला. मी त्याचं मनगट धरलं आणि शेजारची कडी वाजवली.